परसातला काळा-पांढरा गाणारा पक्षी: दयाळ, चिरक की गप्पीदास?

परसदार (फोंडा तालुका)

नमस्कार. आमच्या घरामागे लहानसे कुळागर, म्हणजे गोव्याकडची माडा-पोफळींची बाग, आहे. त्यात माड आणि पोफळी, त्यांच्या सावलीत केळी व मिरवेली, आणि कडेने चिऱ्यांचा, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडांचा, जुना गडगा (बुटकी भिंत) आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास, अजून पुरते उजाडलेलेही नसताना, एक पक्षी कौलांच्या कोन्यावर किंवा शेजारच्या वाळलेल्या माडाच्या टोकावर बसून पाऊण तासभर गातो. चार-पाच स्वरांची एक लकेर, मग क्षणभर विसावा, मग जवळपास तशीच पण थोडी बदललेली दुसरी लकेर, असे त्याचे गाणे चालते. उजाडल्यावर पाहिले तेव्हा तो काळाभोर दिसला. त्याचे पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटी उभी होती.

माझा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. केळीखालच्या पाचोळ्यात त्याच आकाराचा, तशीच शेपटी उचलणारा, पण राखाडी रंगाचा एक पक्षी मला दोन-तीनदा दिसला. रविवारी काजूच्या बागेकडे जाताना सड्यावरच्या (उघड्या खडकाळ माळावरच्या) खडकावर आणखी एक काळा पक्षी होता. त्याचीही शेपटी उभी आणि खांद्याजवळ पांढरा ठिपका होता, मात्र पोट पांढरे असल्याचे मला आठवत नाही. पहाटेच्या गाण्याचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण मी आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपला ऐकवले, तर त्याने दयाळाबरोबर शामा, शिपाई बुलबुल आणि भृंगराज अशी आणखी तीन नावे दाखवली.

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि यंदा मुलांकडून परसातल्या पक्ष्यांची नोंदवही लिहून घेणार आहे. एकदा चुकीचे नाव मुलांच्या तोंडी बसले की ते सहज सुटत नाही, म्हणून आधीच विचारते आहे. हे तीन वेगळे पक्षी आहेत, की दोन, की एकच? आणि ते कशावरून ठरवावे? अंधारामुळे छायाचित्र घेता आलेले नाही.

सड्यावरचा (पेडणे)

बाई, तुमच्या वर्णनावरून पक्षी दोन आहेत. कौलावरचा काळा-पांढरा हा दयाळाचा नर आणि केळीखालचा राखाडी ही त्याची मादी. सड्यावर दिसलेला मात्र चिरक असावा. मुले तुम्हाला कारण विचारणारच, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो.

काळा आणि पांढरा एवढेच दोन रंग अंगावर असलेले कितीतरी पक्षी आपल्याकडे आहेत, त्यामुळे पांढरे नेमके कुठे आहे हे आधी पाहावे. दयाळाच्या नराचे डोके, गळा, छाती आणि पाठ निळसर झाक असलेल्या चकचकीत काळ्या रंगाची असते. हा काळा रंग छातीखाली सुरीने कापल्यासारखा एका रेषेत संपतो आणि तिथून पोट पांढरे सुरू होते. मिटलेल्या पंखावर खांद्यापासून मागे लांबट पांढरा पट्टा जातो. शेपटीची मधली पिसे काळी आणि बाहेरची पांढरी असतात, त्यामुळे तो उडाला की शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात. पंखावरचा पट्टा, शेपटीच्या कडा आणि पोट या तिन्ही ठिकाणी पांढरे दिसले, पक्षी बुलबुलाएवढा, म्हणजे शेपटीसह सुमारे १९ सेंटिमीटर लांबीचा असला, आणि जमिनीवर उतरताच शेपटी पाठीवर उभारत असला, तर निःशंकपणे दयाळ लिहावे. मादीची ठेवण हुबेहूब अशीच असते. फक्त नराच्या अंगावर जिथे काळे असते तिथे तिच्या अंगावर राखाडी असते. पंखावरचा पट्टा आणि शेपटीच्या पांढऱ्या कडा तिलाही असतात. मुलांना आधी नर दाखवावा आणि मग तोच आकार राखाडी रंगात शोधायला सांगावे. मादी ओळखण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही.

चिरकाचा नर पोटाकडूनही काळाच असतो. त्याचे पांढरे फक्त खांद्याजवळ असते आणि बसलेला असताना ते कधी बोटभर दिसते, तर कधी पिसांखाली पूर्ण झाकले जाते. शेपटी सगळी काळी असते, तिच्या कडांना पांढरे नसते. त्याची पक्की खूण शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला आहे: तिथे ताज्या फोडलेल्या चिऱ्यासारखा तांबूस रंग असतो. चिरक शेपटी पाठीवर पार पुढे झुकवतो, त्यामुळे हा तांबूस भाग मागून चांगला दिसतो. मादी मातकट तपकिरी असते, तिच्या पंखावर पांढरे मुळीच नसते, पण शेपटीखालचा तांबूस रंग तिलाही असतो. पाठीच्या रंगावर मात्र निर्णय ठेवू नका. उत्तर भारतातल्या नराची पाठ तपकिरी असते आणि दक्षिणेकडे येता येता ती काळी होते, म्हणून पुस्तकातले चित्र आणि समोरचा पक्षी यांत फरक पडू शकतो.

शीर्षकात तुम्ही गप्पीदासाचेही नाव घेतले आहे. तो चिमणीहूनही थोडा लहान, जेमतेम १३ सेंटिमीटरचा असतो. शेताच्या बांधावर, गवताच्या टोकावर किंवा तारेवर ताठ बसतो, शेपटी आखूड असते आणि ती खालीवर झटकली तरी दयाळासारखी उभी धरत नाही. उडाल्यावर कमरेवरचा पांढरा भाग दिसला की प्रश्न मिटतो.

जागा हाही पुरावाच असतो. दयाळाला झाडांची सावली, पाचोळा आणि गाण्यासाठी उंच बैठक लागते, म्हणून कुळागर आणि घराचे परस ही त्याची हक्काची जागा. चिरकाला उघडा, खडकाळ, कोरडा माळ आवडतो, म्हणजे आपला सडा. कुळागर संपून सडा सुरू होतो त्या कडेला दोघेही भेटतात. मी पेडण्याच्या सड्यावर जातो तेव्हा वाटेतल्या शेवटच्या घरापर्यंत दयाळ असतो आणि पहिल्या मोठ्या खडकापासून चिरक सुरू होतो.

व्हाळाकाठ (सत्तरी)

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. आवाजाविषयी मात्र थोडे लिहायला हवे, कारण बाईंचा अर्धा गोंधळ ॲपने निर्माण केलेला आहे आणि तो दयाळाच्या स्वभावामुळे झाला असण्याची शक्यता बरीच आहे.

दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो. स्वतःच्या लकेरींमध्येच तो बुलबुलाचा एखादा तुकडा किंवा दुसऱ्या कुणाची हाक गुंफतो. ॲप ध्वनीची आकृती काढून ती आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडते. त्या तुकड्याचा आकार बुलबुलाशी जुळला की ते बुलबुलाचे नाव दाखवते, मग गळा कुणाचाही असो. शिपाई बुलबुल तुमच्या परसात खरोखर असेलही, कारण तो सगळीकडे असतो, पण त्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंदवहीत घेऊ नये. भृंगराजाच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे लागते, कारण तो स्वतःच मोठा नकलाकार आहे. कुळागरात त्याचा वावर असतो आणि शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांना असलेल्या पिसांवरून तो दिसताक्षणी ओळखता येतो. नावे सुचवण्यासाठी ॲप जरूर वापरावे. मी स्वतः ते रोज वापरतो. पण नोंद करायची ती आपण पाहिलेल्या पक्ष्याची.

शामा मात्र मी इतक्या सहज वगळणार नाही. तो दयाळाचाच जवळचा नातलग आहे, दोघांच्याही शास्त्रीय नावाची सुरुवात कॉप्सिकस अशीच होते, आणि गोव्याच्या जंगलांत तो राहतो. तुमचे कुळागर रानाला लागून असेल तर तो कडेपर्यंत येऊ शकतो. मात्र त्याचे पोट पांढरे नसून तांबूस-तपकिरी असते, शेपटी दयाळाहून बरीच लांब असते आणि शेपटीच्या वरच्या मुळाशी, कमरेवर, ठळक पांढरा भाग असतो. शिवाय तो दाट झाडीत, सावलीत लपून गातो. भर उघड्यावर, कौलाच्या कोन्यावर बसून गाणे हे त्याचे वागणे नव्हे. तुम्ही पांढरे पोट स्वतः पाहिले आहे, तेव्हा शामाचे नाव खोडायला हरकत नाही.

आणखी एक नाव कोणी ना कोणी तुमच्यापुढे काढील, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पहाटे माणसाने शीळ घालावी तसा एक पक्षी गातो; तो शीळकरी कस्तूर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते की कुणी मुलगा सूर न सापडता उगाच शीळ घालत चालला आहे. त्याची शीळ लांबलचक, भरकटत जाणारी असते, तर दयाळाच्या लकेरी आखूड, सुट्या आणि रेखीव असतात. कस्तूर दयाळापेक्षा मोठा, सुमारे २५ सेंटिमीटरचा असतो, त्याच्या कपाळावर आणि खांद्यांवर चमकदार निळा रंग असतो आणि अंगावर पांढरे कुठेच नसते. पाऊस सुरू झाला की त्याचे गाणे जोरात असते. दयाळाचे मात्र पावसाळा सरता सरता थांबते.

हे शेवटचे वाक्य मुलांच्या नोंदवहीसाठी फार महत्त्वाचे आहे. साधारण मार्च ते जुलै हा दयाळाचा विणीचा काळ. तेवढ्या काळात नर उंचावर बसून गातो आणि आपली हद्द राखतो. मादीदेखील नर जवळ असताना थोडा वेळ गाते, पण पहाटेची ती लांब मैफल नराचीच असते. विणीचा काळ संपला की हाच पक्षी झुडपांखाली वावरतो आणि फार तर एखादी लांबट, खिन्न ‘स्वीऽऽ’ अशी शीळ किंवा चिडल्यावर ‘चर्रर्र’ असा घोगरा आवाज काढतो. ऑक्टोबरात मुले ‘दयाळ गेला’ असे लिहितील. तो कुठेही गेलेला नसतो. त्यावेळी संध्याकाळी, इतर पक्षी झोपायला गेल्यानंतर, गडग्याच्या पायथ्याशी पाहायला सांगा. अंधुक उजेडात किडे टिपत हिंडणारा दयाळ बहुतेक हमखास सापडतो. म्हणून नोंदवहीत ‘दिसला’ आणि ‘ऐकला’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

माडाखाली (बार्देश)

मी पक्ष्यांचा अभ्यासक नाही. घराच्या ओसरीवर बसून जे दिसते ते गेली काही वर्षे वहीत लिहितो. पहिली दोन वर्षे मी दयाळ आणि ‘राखाडी शेपटीउभार्‍या’ असे दोन वेगळे पक्षी लिहीत होतो. पुस्तकात राखाडीचे चित्र होते, पण ते नराच्या चित्रामागे अर्धे झाकलेले होते आणि माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. न्हाणीघराच्या चिऱ्याच्या भिंतीत एक चिरा निखळून भोक पडले होते. एके दिवशी चोचीत गवताच्या काड्या घेऊन राखाडी पक्षी त्यात शिरला आणि काळा बाहेर पहारा देत राहिला, तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या दिवशी मी मागच्या सगळ्या नोंदी बसून दुरुस्त केल्या.

तेव्हा माझा अनुभवाचा सल्ला असा, की दोघे एकाच जागी, एकाच वेळी दिसेपर्यंत थांबावे. दयाळ झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकात घरटे करतो आणि माणसाच्या वावराला बिचकत नाही, त्यामुळे परसात जोडी पाहायला मिळणे अवघड नाही. मादी चार-पाच अंडी घालते आणि ती एकटीच उबवते. पिल्लांना भरवण्याचे कामही नरापेक्षा तीच अधिक करते. म्हणून या दिवसांत तुम्हाला केळीखाली राखाडी पक्षी सारखा टिपताना दिसतो आणि काळा वरून गाताना दिसतो.

बाई, एक विनंती आहे. घरटे सापडले तर मुलांना दुरूनच दाखवावे. भोकात टॉर्च मारणे, मोबाईल आत घालून छायाचित्र काढणे किंवा ‘जवळून बघूया’ म्हणून आसपासची वेल बाजूला करणे असे काही होऊ देऊ नये. वेल हलली की भोक उघडे पडते, आणि ते तुमच्याइतकेच मांजराला, सापाला आणि कावळ्यालाही दिसते. माझ्याकडचे एक घरटे असेच गेले. पाहुण्यांना दाखवण्याच्या उत्साहात मीच वेल सरकवली होती आणि दुसऱ्या दिवशी भोक रिकामे होते. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे. हा पक्षी पूर्वी त्याच्या गळ्यासाठी पिंजऱ्यात पाळत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता ते निषिद्ध आहे. मुलांना तेही सांगितलेले बरे, कारण पिल्लू हाती लागले की ते घरी नेऊन पाळावेसे मुलांना वाटतेच.

आणि मुलांना आवडेल अशी एक गोष्ट: बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी हाच आहे. तिथे त्याला दोयेल म्हणतात आणि त्यांच्या दोन टाकांच्या नोटेवर त्याचे चित्र होते. आपल्या परसात फुकट गाणाऱ्या पक्ष्याला दुसऱ्या एका देशाने एवढा मान दिला आहे हे कळल्यावर माझी नात दुसऱ्या दिवशी पहाटे आपणहून उठून बसली होती.

परसदार (फोंडा तालुका)

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवडे थांबून, पाहून मग लिहिते आहे.

कौलावरच्या पक्ष्याच्या पोटाची कापलेली रेषा, पंखावरचा पट्टा आणि उडताना शेपटीच्या पांढऱ्या कडा या तिन्ही खुणा मी दुर्बिणीतून पाहिल्या. राखाडी पक्षी आणि तो असे दोघे मिळून आमच्या गडग्यातल्या एका भोकाकडे ये-जा करतात, त्यामुळे ती जोडी आहे हे नक्की झाले. सड्यावर दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तो काळा पक्षी माझ्याकडे पाठ करून खडकावर बसला, त्याने शेपटी वर केली, आणि खाली चिऱ्याचा तांबूस रंग स्पष्ट दिसला. चिरकच होता. शामाचे नाव मी खोडले आहे. भृंगराज मात्र खरोखरच निघाला: पोफळीवर त्याची जोडी दिसली, तारांसकट. त्यामुळे ॲपने ते नाव दयाळाच्या नकलेवरून दिले की खऱ्या भृंगराजाच्या आवाजावरून, हे आता सांगता येणार नाही. ‘दिसला’ आणि ‘ऐकला’ हे रकाने वेगळे असल्यामुळे मला त्या पहाटेची नोंद ‘ऐकला’मधून काढून नंतरची नोंद ‘दिसला’मध्ये घालता आली.

आता एकच नवा प्रश्न आहे. आज सकाळी गडग्यापाशी दयाळाच्याच आकाराचा, पण शेपटी आखूड असलेला आणि गळ्यावर व छातीवर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी असलेला एक पक्षी दिसला. राखाडी पक्षी त्याला काहीतरी भरवत होता. हे पिल्लू समजावे ना?

सड्यावरचा (पेडणे)

होय, पिल्लूच. दयाळाच्या पिल्लांचे डोके, गळा आणि छाती अशीच तपकिरी खवल्यांची असते आणि शेपटी वाढायला वेळ लागतो. एकटे दिसले असते तर कुणीही त्याला एखादा रानातला कस्तूर समजले असते. पंखावरचा फिकट पांढरा पट्टा बघा, तो तेव्हाही असतो. आता नोंद ‘दयाळ, नर १, मादी १, पिल्लू १’ अशी लिहा, आणि आणखी पिल्ले असतील म्हणून चार दिवस मुलांना गडग्याच्या त्या बाजूने खेळायला जाऊ देऊ नका.